एक डाव शिल्लक

(नेकोचेआ, आर्जेन्टिनातलं समुद्रकाठचं गाव. बांधाबांध झालेल्या घराचं गॅरेज. मधोमध चादर काढलेलं पिनबॉलचं जुनं मशीन. एर्सिलिया, वय सहासष्ट, खोक्यावर बसलेली. समोर दुपारच्या बसने आलेलं गिऱ्हाईक. शेजारच्या खोलीत एर्सिलियाचा थोरला भाऊ आल्दो, दिसत नाही पण ऐकू येतो. बाहेर वारा. तो तिथे कायमच असतो.)

एर्सिलिया : पाठ करा.

गिऱ्हाईक : काय करू?

एर्सिलिया : पाठ. माझ्याकडे. म्हणजे तोंड मशीनकडे.

गिऱ्हाईक : सेन्योरा, मी मशीन बघायला आलोय.

एर्सिलिया : सेन्योरीता. लग्न नाही केलं. मशीन तुम्ही बघितलंत. आता मला बघू द्या.

गिऱ्हाईक : मी गाडी घेतली, घर घेतलं. कुणी माझी पाठ बघायला मागितली नव्हती.

एर्सिलिया : म्हणून तर भलत्यांना घरं मिळतात.

आल्दो : एर्सी! कोण आलंय?

एर्सिलिया : गिऱ्हाईक!

आल्दो : कितवं?

एर्सिलिया : पाचवं!

आल्दो : मग हेही जाणार. त्याला सांग, डॉलर मोठ्या डोक्याचे हवेत. जुन्या नोटांवर माणसाचं डोकं लहान असतं, त्या मी घेत नाही. लहान डोक्याच्या माणसांशी मी खूप धंदा केलाय.

एर्सिलिया : माझा भाऊ. सालोन नेप्तुनो, ते खेळांचं दुकान, याचंच होतं. बावीस मशीनं, दोन फुटबॉलची टेबलं आणि कडू कॉफी. हे शेवटचं मशीन.

गिऱ्हाईक : आधीच्या चौघांचं काय बिनसलं?

एर्सिलिया : पहिला दाताचा डॉक्टर. दवाखान्यात ठेवणार होता, म्हणजे पेशंटांच्या किंकाळ्या ऐकू येणार नाहीत. दुसऱ्याची पाठ चांगली होती, पण ती पाठ नव्हती. तिसरी एक मुलगी, तिने सुरुवातीलाच सांगितलं की नवऱ्याला सरप्राइज द्यायचंय. म्हणजे खेळणार तो, पाठ दाखवणार ही. चौथ्याने विचारलं, आतलं सगळं काढून बिअरचा फ्रिज बसेल का? त्याला पाठ करायला सांगावंच लागलं नाही. दार दाखवलं, पाठ आपोआप दिसली.

गिऱ्हाईक : 'ती पाठ नव्हती' म्हणजे? कुठली पाठ हवी आहे तुम्हाला?

एर्सिलिया : तुम्ही जाहिरात पूर्ण वाचलीत का?

गिऱ्हाईक : वाचली. 'पिनबॉल मशीन, चालू स्थितीत. जलपरीचा एक डोळा पुसट. एक डाव शिल्लक आहे, तो विक्रीला नाही.'

एर्सिलिया : बरोबर.

गिऱ्हाईक : जलपरीच्या डोळ्याचं समजलं.

एर्सिलिया : तो आल्दोने व्हिनेगरने पुसला.

आल्दो : ती काच साफ होती! डोळा आधीपासून तसाच होता!

एर्सिलिया : वरती कोपऱ्यात छोटी खिडकी दिसते? त्यात आकडा आहे?

गिऱ्हाईक : एक.

एर्सिलिया : साठ हजार गुण केले की मशीन आतून 'ठक' करतं आणि एक डाव बक्षीस देतं. ते त्या खिडकीत चढतं. वीज गेली, मशीन हललं, राज्य बदललं, तरी तो आकडा हलत नाही. साधं चाक आहे, त्याला काही कळत नाही म्हणून टिकलंय. तो एक डाव एका माणसाने जिंकलेला आहे. त्याने तो खेळला नाही.

गिऱ्हाईक : कधीपासून?

एर्सिलिया : चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून.

गिऱ्हाईक : अडतीस वर्षं तुम्ही हे मशीन गॅरेजमध्ये ठेवलंत आणि एकदाही खेळला नाहीत?

एर्सिलिया : नेप्तुनोत भिंतीवर दोनच नियम लिहिले होते. जिंकलेला डाव जिंकणाऱ्याचा. आणि पुढचा नंबर ज्याचं टोकन काचेवर आहे त्याचा. बिशप आला तरी थांबणार.

आल्दो : बिशप आला होता! थांबला होता!

एर्सिलिया : आला होता. थांबला आणि मग हरला.

गिऱ्हाईक : आणि तो माणूस आलाच नाही तर?

एर्सिलिया : शनिवारी ट्रक येतोय. आम्ही तांदिलला भाचीकडे चाललो. तिसरा मजला, लिफ्टमध्ये दोन माणसं आणि एक कुत्रा मावतो. मशीन मावत नाही. शुक्रवारी भंगारवाला येईल. तोवर कुणी शब्द दिला की तो एक डाव आपण खेळणार नाही, तर त्याला विकीन.

गिऱ्हाईक : कुणी दिला?

एर्सिलिया : दाताचा डॉक्टर द्यायला तयार होता. पण दातांच्या डॉक्टरांचा शब्द मला माहीत आहे. 'दुखणार नाही.' चला, उभे राहा.

गिऱ्हाईक : असा?

एर्सिलिया : जवळ. दोन्ही हात बाजूच्या बटणांवर. खेळायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

गिऱ्हाईक : डाव्या पायाखाली पाचर कशाला आहे? मशीन कललंय.

एर्सिलिया : नेप्तुनोच्या आधी तिथे मासे खारवायचे. पाणी वाहून जावं म्हणून जमीन उतरती केलेली. बावीसच्या बावीस मशीनं समुद्राकडे कललेली, म्हणून इथेही तसंच. आमच्या गावचा चॅम्पियन मार देल प्लाताला स्पर्धेला गेला आणि सपाट मशीनवर पहिल्या फेरीत हरला. पंचांकडे तक्रार करून आला की तुमची जमीन वाकडी आहे. आता बोलू नका. गोळी सोडायची दांडी ओढल्यासारखं करा.

गिऱ्हाईक : अशी? झालं का बघून? सेन्योरीता?

एर्सिलिया : ती खाज अजून गेली नाही का?

गिऱ्हाईक : कसली खाज?

एर्सिलिया : दांडी ओढण्याआधी उजव्या बुटाने डावी पोटरी खाजवलीत. आत्ता.

गिऱ्हाईक : मी?

एर्सिलिया : लाऊरो एचेवेरी. नदीपलीकडचा, केकेनच्या बंदरावर धान्याची पोती मोजणारा. केस गेलेत, गळ्यावर मांस आलंय. पण डावा खांदा तसाच पडलेला आणि खाज तशीच.

गिऱ्हाईक : दारात मला बघितलंत तेव्हा ओळखलं नाहीत.

एर्सिलिया : दारात तोंड होतं. तुमचं तोंड मी कधी बघितलं होतं?

गिऱ्हाईक : अकरा वर्षं तुमच्या खिडकीवर टोकन घ्यायला यायचो.

एर्सिलिया : खिडकीच्या काचेला हिरवा रंग होता.

आल्दो : मी दिला होता! पोरं काचेला नाकं लावून उभी राहायची. टोकन एक आणि गप्पा तासभर. रंग दिला आणि धंदा दुप्पट झाला!

एर्सिलिया : खाली अर्धचंद्रासारखी फट, हात जाईल इतकी. मी केसातल्या पिनने रंगावर एक ठिपका खरवडला होता. त्यातून समोरची भिंत दिसायची आणि तिच्याकडे तोंड करून खेळणाऱ्या तुम्हा सगळ्यांच्या पाठी. जवळ आलात की फक्त शर्टाचं बटण. अख्ख्या गावाच्या पाठी मला पाठ आहेत. रस्त्यात मात्र मी कुणाला ओळखत नाही. लोक म्हणतात, गर्विष्ठ आहे.

गिऱ्हाईक : आणि नंतर आल्दो मागच्या दाराने गाडीत घालून घरी न्यायचे.

एर्सिलिया : तुम्हाला कसं माहीत?

गिऱ्हाईक : पुढच्या दारात उभा असायचो. आणि आज मी तुम्हाला लगेच ओळखलं. बेल वाजवल्यावर तुम्ही कडी काढायला जाळीतून हात घातलात ना, तेव्हाच. करंगळी वर. टोकन सरकवतानासुद्धा करंगळी वर असायची, जणू टोकन गरम आहे. आणि अंगठ्याखाली इस्त्रीचा डाग. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात भाजलं होतं. आठवडाभर डाव्या हाताने टोकनं दिलीत.

एर्सिलिया : मग आल्याआल्या नाव का नाही सांगितलं? बाहीया ब्लांकाचा व्यापारी आहे म्हणे!

गिऱ्हाईक : जाहिरात नातीने दाखवली. 'आजोबा, बघ, कुणी तरी वेडं आहे.' एक डाव शिल्लक. मला वाटलं, माझाच असेल. मग वाटलं, बावीस मशीनं, हजार पोरं, आपलाच कशावरून? कोमोदोरोहून इथवर बस बावीस तास घेते. बावीस तासांत माणूस मूर्ख आहे की नाही यावर भरपूर विचार होतो.

एर्सिलिया : निकाल काय लागला?

गिऱ्हाईक : आहे. पण तिकीट काढलेलं होतं.

एर्सिलिया : नात आहे म्हणजे बायकोही असेल.

गिऱ्हाईक : होती. जाऊन सहा वर्षं झाली. चांगली होती. तिला तुमच्याबद्दल सांगितलं होतं.

एर्सिलिया : काय सांगितलं होतं?

गिऱ्हाईक : की नेकोचेआत एक हात होता. ती म्हणाली, हातच ना? मग असू दे.

एर्सिलिया : शहाणी होती.

आल्दो : एर्सी! पैसे दिले का त्याने?

एर्सिलिया : अजून पाठ बघत्येय!

आल्दो : एवढी मोठी आहे?

एर्सिलिया : सगळे दहा-दहा टोकनं घ्यायचे. तुम्ही एकेक. संध्याकाळी अकरा-अकरा फेऱ्या. मला वाटायचं, गरीब आहे बिचारा.

गिऱ्हाईक : गरीब होतोच. पण त्यासाठी नव्हे.

एर्सिलिया : ते मला तेव्हाही वाटायचं. म्हणून तर शेवटच्या दिवशी...

गिऱ्हाईक : शेवटच्या दिवशी काय?

एर्सिलिया : आधी तुम्ही सांगा. दुपारी दोनला एक टोकन घेतलंत. एक. आणि त्यावर सहा वाजेपर्यंत खेळलात. डाव संपतोय म्हणेपर्यंत ठक. परत ठक. चार तास! सगळा गाव मागे गोळा झाला. संध्याकाळी मीटर काढायला वीजवाला आला, तोही तास-दीड तास थांबला. सरकारी माणूस, त्याने तरी किती थांबायचं? शेवटी काढला फ्यूज. अंधारात तुमची गोळी घरंगळत गेल्याचा आवाज मी ऐकला. आणि तुम्ही निघून गेलात. एकदा मागे वळून बघितलं नाहीत.

गिऱ्हाईक : खेळताना कुणी मागे वळतं का?

एर्सिलिया : चार तासांत एकदाही नाही?

गिऱ्हाईक : वळायचंच नव्हतं. मागे फितो होता.

एर्सिलिया : कुठला फितो?

गिऱ्हाईक : फितो बारागान. आमची पैज होती. नेप्तुनो बंद होणार, मला साडेसहाची बस, कोमोदोरोला तेलाच्या कंपनीत नोकरी लागलेली. त्या मशीनवर जो शेवटचा डाव खेळेल त्याने खिडकीपाशी जायचं आणि तुमच्याशी बोलायचं. दुसऱ्याने जन्मभर गप्प बसायचं. मी खेळायला लागलो आणि थोड्या वेळाने काचेवर टोकन आलं. डोळे गोळीवर होते, हात बघितलाच नाही. पुढचा नंबर लावलेला. म्हटलं, आला हरामखोर. आता हा डाव संपला की मशीन त्याचं, शेवटचा डाव त्याचा, आणि खिडकीही त्याची. मग मी हरायला तयारच नव्हतो. इतका चांगला मी त्याआधी कधी खेळलो नाही आणि नंतरही नाही.

एर्सिलिया : फितो त्या दिवशी दवाखान्यात होता.

गिऱ्हाईक : काय?

एर्सिलिया : अपेंडिक्स. आदल्या रात्री काढलं. आता नोटरी आहे इथे. पोटावरचा टाका दाखवत फिरतो आणि म्हणतो, ही प्रेमातली जखम. कुणाला काही कळत नाही, म्हणून सगळे मान देतात.

गिऱ्हाईक : मग ते टोकन कुणाचं होतं? सेन्योरीता, कुणाचं?

आल्दो : हिचं! आणखी कुणाचं? गल्ला सोडून आली होती बाहेर! मी सांगत होतो, गल्ल्यावर बसणाऱ्याने खेळायचं नसतं, हलवाई स्वतःची मिठाई खातो का? तर म्हणे, आज शेवटचा दिवस आहे, मला एक डाव खेळायचाय, याच मशीनवर, याच्यानंतर!

एर्सिलिया : आल्दो, तुझं कानाचं मशीन आज नेमकं कसं चालू आहे?

आल्दो : नवीन सेल टाकलेत!

गिऱ्हाईक : तुमचं होतं.

एर्सिलिया : तुमचा डाव संपेल, तुम्ही बाजूला व्हाल, तर वळावंच लागेल. वळलात की मी असेन. एवढंच डोक्यात होतं. पुढचं ठरवलं नव्हतं. निळा फ्रॉक घातला होता. चार तास तुमच्या मागे दोन हात अंतरावर उभी होते. प्रत्येक 'ठक'ला लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, हा मला सांगतोय, तुझा नंबर लागणार नाही.

गिऱ्हाईक : वीज गेल्यावर मी खिडकीकडे गेलो होतो.

एर्सिलिया : कधी?

गिऱ्हाईक : लगेच. चाचपडत. म्हटलं, पैज जिंकलो. खिडकीच्या फळीवर तीनदा ठोकलं. फटीतून हात घातला. आत कुणी नव्हतं.

एर्सिलिया : तो ठोकल्याचा आवाज... मला वाटलं, वीजवाला मीटर काढतोय.

गिऱ्हाईक : मला वाटलं, तुम्ही गेलात. हेच उत्तर समजलो. बस तर पकडायचीच होती.

एर्सिलिया : मी मशीनपाशी उभी होते. आल्दो मेणबत्ती घेऊन आला तेव्हा बघितलं, तर तुम्ही नव्हतात आणि मशीनच्या खिडकीत एकचा आकडा. मी म्हटलं, हे मशीन मी घरी नेणार. त्याला वाटलं, अकरा वर्षांचा बोनस मागतेय.

आल्दो : स्वस्तात सुटलो!

गिऱ्हाईक : हे काचेवर काय आहे?

एर्सिलिया : दिसत नाही का?

गिऱ्हाईक : हे तेच?

एर्सिलिया : काच पुसताना उचलते, पुसून झालं की परत ठेवते. नंबर लावलेला आहे. तो सोडता येत नाही.

गिऱ्हाईक : मग तुमचा डाव आधी खेळा. मी माझा तुम्हाला दिला.

एर्सिलिया : मला बक्षीस नको. नंबर हवा. आधी तुमचा डाव संपणार, मग माझा. वायर भिंतीत घाला. लाल बटण दाबा.

गिऱ्हाईक : चालू होईल?

एर्सिलिया : दर रविवारी दिवे लावून बघते. सहा दिवे गेलेत, बाकी सगळं माझ्यासारखं आहे. आणि लाऊरो, मुद्दाम हरायचं नाही. ते मला पाठीवरून कळतं.

गिऱ्हाईक : माझे डोळे गेलेत, मनगट दुखतं. मुद्दाम कशाला, आपोआप हरीन.

आल्दो : सुरू झालं का? ते खडखडणं ऐकून किती वर्षं झाली! एर्सी, किती झाले?

एर्सिलिया : पहिली गोळी, चार हजार! हा खरंच म्हातारा झालाय!

आल्दो : गेली का?

एर्सिलिया : गेली. दुसरी... कमरेने ढकला, कमरेने! मासळीच्या जमिनीवर आहात! हां, असं.

गिऱ्हाईक : कमर विसरली नाही हो.

एर्सिलिया : एकोणीस हजार. तिसरी. एकतीस. हे चांगलं होतं. बेचाळीस.

आल्दो : त्याला सांग, हळू! साठ झाले की अजून एक डाव चढेल, मग त्याच्यावर अजून एक! आपल्याला शनिवारी तांदिलला जायचंय!

गिऱ्हाईक : मी काही करत नाही. गोळी आपणच चाललीय.

एर्सिलिया : चौथी गेली. अठ्ठेचाळीस. शेवटची गोळी. खाजवून घ्या.

गिऱ्हाईक : खाजवली. सोडतोय.

एर्सिलिया : एकावन्न. त्रेपन्न. तो डावा खांदा...

आल्दो : किती?

एर्सिलिया : छप्पन्न! गप्प बस!

गिऱ्हाईक : एर्सिलिया.

एर्सिलिया : बोलू नका. सत्तावन्न.

गिऱ्हाईक : तुमचं नाव मला जाहिरातीत कळलं. आल्दो तुम्हाला 'गल्ला' म्हणून हाक मारायचे. एर्सिलिया, तुम्ही कुठे उभ्या आहात?

एर्सिलिया : दोन हात अंतरावर. अठ्ठावन्न हजार पाचशे. समोर बघा, गोळी वर आहे, आता येईल खाली, डावीकडून येईल... लाऊरो! वळताय कुठे? गोळी! गेली.

गिऱ्हाईक : जाऊ दे.

एर्सिलिया : मुद्दाम केलंत.

गिऱ्हाईक : हरायला नाही वळलो. बघायला वळलो. निळा फ्रॉक नाही.

एर्सिलिया : तो खोक्यात आहे. 'तांदिल' लिहिलेल्या.

आल्दो : 'ठक' वाजलं नाही! हरला का?

एर्सिलिया : हरला!

आल्दो : मग विकलं का? पैसे घे, मोठ्या डोक्याचे!

एर्सिलिया : थांब जरा! आधी माझा नंबर आहे!

आल्दो : गल्ल्यावर बसणाऱ्याने खेळायचं नसतं, एर्सी!

एर्सिलिया : गल्ला बंद झाला, आल्दो. सरका हो, लाऊरो. ते टोकन द्या इकडे. आणि तुम्ही तिथे मागे नका उभे राहू. इथे, बाजूला या. जिथून हात दिसतील तिथे.